दुपारच्या जेवणापर्यंत

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की आमच्याकडे सकाळचं धुकं आणि धानाच्या तणसाचा वास एकत्रच येतात. कुडव्याहून दवनीवाड्याच्या शाळेत जाताना मी स्वेटर, त्यावर शाल, कानाला स्कार्फ अशी बांधलेली असते, तरी स्कूटीच्या हँडलवर बोटं गारठतातच. दोन्ही बाजूंच्या धानाच्या बांध्या रिकाम्या झालेल्या असतात. कुठे कापलेल्या पेंढ्यांचे पुंजणे अजून चुरण्याची, मळणीची, वाट बघत उभे, कुठे खुंटांच्या मधून लाखोळीचं पीक हिरवंगार वर आलेलं. वर्षं सरतात ती मला कॅलेंडरवर दिसत नाहीत, इथे दिसतात.

परवा शाळेत, मधल्या सुट्टीत, आमच्या नव्या शिक्षिकेने विचारलं, "मॅडम, यंदाचा संकल्प काय तुमचा?" पोरगी उत्साही आहे. तिचे स्वतःचे सगळे ठरले होते. पहाटे पाचला उठणं, योगासनं, साखर बंद, महिन्याला एक पुस्तक. मी म्हटलं, "अजून काही ठरलं नाही," आणि उन्हात खुर्ची ओढून बसले. तिचा राग नाही आला. पण संकल्प हा शब्द ऐकला की मला आधी थकवाच येतो. अंग दुखल्यासारखा. मग त्या थकव्यामागून एक हिवाळा हळूहळू वर येतो.

आधी सांगायला हवं की संकल्पांच्या बाबतीत आमचं घर कधीच गरीब नव्हतं. माझे दरवर्षीचे वेगळे असायचे. एका जानेवारीत मी रोज तलावापर्यंत चालायला जायचं ठरवलं आणि नवे बूट घेतले. ते बूट पुढे मुलीनेच वापरून फाडले. एकदा बाहेरून एम.ए. करायचं ठरवलं, पुस्तकं आणली, त्यांना छान कव्हरं घातली. यांचा संकल्प मात्र दरवर्षी एकच असायचा. "उद्यापासून खर्रा बंद."

खर्रा म्हणजे काय हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. किसलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा, पुडी करून खिशात टाकायची आणि दिवसभर चिमटीचिमटीने गालात धरायची. पाहुणा आला की पाण्याआधी खर्रा पुढे करणारी घरं मी पाहिली आहेत. आमच्या हेमराजरावांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, घराच्या पुढच्याच खोलीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारीतली काळी पडलेली तार काढायची आणि नवी तांब्याची तार वेढा वेढा मोजत भरायची. मान खाली, बोटं तारेवर, गालात खर्रा. ते म्हणायचे, गालात काही नसलं तर वेढे चुकतात. एकतीस डिसेंबरच्या संध्याकाळी ते कोपऱ्यावरच्या छगनभाऊंच्या पानठेल्यावर जायचे, शेवटचा म्हणून एक खर्रा खायचे, चार मित्रांसमोर जाहीर करायचे आणि घरी येऊन चूळ भरायचे. अगदी विधीसारखं. चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा शर्टाच्या खिशात पन्नीचा करकर आवाज. त्याचं मला हसू यायचं, मग यायचं बंद झालं.

तो हिवाळा सुरू झाला सासूबाईंच्या घरी, देवरीकडच्या आमच्या गावात. चुरणा आटोपला होता आणि आम्ही नव्या तांदळाचं जेवायला गेलो होतो. अंगणात ऊन, कोपऱ्यात तणसाचा ढीग, चुलीवर वांगी आणि पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी. सासूबाईंच्या हातची ती भाजी तिखट असते, पण यांनी जन्मभर ती ओरपून खाल्लेली. त्या दिवशी पहिलाच घास त्यांनी तोंडात घातला आणि डोळ्यांतून पाणी आलं. दुसरा घास त्यांनी लहान केला. तिसरा आणखी लहान. बोटांनी दाबून, चपटा करून, ओठांच्या फटीतून आत सरकवल्यासारखा.

सासूबाई बघत होत्या. "काऊन गा, तोंड काऊन उघडत नाही तुहं?"

"दात दुखून राह्यला माय."

"दात दुखते तं डोया काऊन रडते?"

त्यांनी भातावर ताक ओतून घेतलं आणि ते तेवढंच जेवले. मी शेजारी बसून बघत होते. हा दात नव्हे, खर्रा आहे हे मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं होतं. परतताना मोटारसायकलवर मी मागे बसले होते. जंगलातून थंड वारा येत होता. 

गोंदियातल्या दाताच्या डॉक्टर बाई वयाने लहान होत्या, आमच्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी यांना स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली. चांगल्या तोंडात तीन बोटं जातात म्हणे. यांची दोन कशीबशी गेली, आणि तीही ओढूनताणून. डॉक्टरांनी गालाच्या आत बोट फिरवलं. "भैया, अंदर से चमड़ी रस्सी जैसी हो गई है।" मग गालाचा एक कण काढून तपासायला पाठवला.

रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येत नाही. मी शाळेत जात होते, पोरांना पाढे म्हणून घेत होते. सकाळी प्रार्थनेनंतर पोरं हात पुढे करून तंबाखू न खाण्याची शपथ घ्यायची. माझ्यामागून एका सुरात म्हणायची. त्या दिवसांत मी शपथेचं वाक्य अर्ध्यावर विसरले, आणि दुसरीतल्या मुलीने मोठ्याने पुढचं सांगून मला सावरलं. घरी आल्यावर यांच्याकडे बघायचं टाळायची. तेही मान खाली घालून तार भरत बसायचे.

रिपोर्टमध्ये वाईट काही नव्हतं. "अभी तक नहीं," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्या शब्दांवर त्यांनी जोर दिला. जेवढं आखडलंय ते सगळं काही मोकळं होणार नाही, पण खर्रा थांबला आणि रोज व्यायाम केला तर थोडं तरी सुटेल. व्यायाम म्हणजे आइस्क्रीमच्या काड्या. एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, जमेल तशी एकेक वाढवायची.

यांना भरून आलं होतं. त्यांनी खुर्चीत ताठ बसून सांगितलं, "मॅडम, एक तारीख से जिंदगीभर के लिए बंद."

डॉक्टर हसल्या नाहीत. "जिंदगीभर क्यों बोलते हो भैया? दोपहर के खाने तक बोलो. कल फिर दोपहर के खाने तक."

बाहेर आल्यावर हे चिडले. "लहान लेकरू समजते का मले? बंद म्हणजे पूर्ण बंद, नाही तं कायचं बंद?" मलाही तेव्हा त्यांचंच बरोबर वाटलं. एवढं मोठं संकट टळलेलं, त्याच्यासमोर दुपारच्या जेवणापर्यंतचा संकल्प फारच किरकोळ वाटत होता. त्यांनी घरी येऊन मुलीला फोन लावला. ती नागपूरला वसतिगृहात असते. तिला सांगितलं, "पल्लू, तुही शपथ घेऊन सांगतो." ती रडायला लागली. मी देवापुढे दिवा लावला.

पण जानेवारी आमच्या धंद्याचा सगळ्यात कठीण महिना, हे आम्ही दोघंही विसरलो होतो. उन्हाळी धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायची घाई सुरू होते, पावसाळाभर बंद पडलेल्या मोटारी शेतकरी एकदम बाहेर काढतात आणि अर्ध्या जळतात. दुकानासमोर मोटारी रांगेने पडलेल्या असतात. येणारा प्रत्येक जण म्हणतो, "भाऊ, मायी पहिले." अशा दिवसांत गाल रिकामा ठेवून यांनी काम सुरू केलं. डोकं दुखायचं. वेढे मोजता मोजता ते मध्येच थांबायचे आणि भरलेली सगळी तार उलगडून पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. जेवताना ताटावर ओरडायचे. मग एक मोटार त्यांच्या हातून चुकीची भरली गेली आणि पाण्यात सोडल्याबरोबर जळाली. तो शेतकरी भांडला नाही. दारात उभं राहून एवढंच म्हणाला, "हेमराजभाऊ, तुह्या हातची मोटार जळंल असं वाटलं नोतं."

त्या संध्याकाळी हे छगनभाऊंच्या ठेल्यावर गेले.

मला वासावरून कळलं. आणि तिथून माझा दुसरा धंदा सुरू झाला. शाळेतून आले की चप्पल काढायच्या आधी मी दारातच वास घ्यायची. धुवायचे शर्ट उलटेपालटे करायची. मोटारसायकलची डिक्की, गादीखाली, दुकानातल्या तारेच्या रिळांमागे. पन्नी सापडली की पुढ्यात नेऊन आपटायची. नाही सापडली की ती कुठे लपवली असेल या विचाराने जास्त कासावीस व्हायची. वर्गात गणित शिकवता शिकवता माझ्या डोक्यात त्यांच्या खिशांचा हिशेब चालायचा. ते खोटं बोलायला लागले, आणि मी ते पकडण्यात तरबेज झाले. आम्ही नवरा-बायकोसारखं बोलणं कधी थांबवलं ते लक्षातही आलं नाही.

एका रविवारी दुपारी, दुकान बंद असताना, एका भंगार मोटारीच्या रिकाम्या खोळीत मला तीन पुड्या सापडल्या. मी बाहेर आले. ते ओट्यावर बसले होते. मी पुड्या त्यांच्या मांडीवर टाकल्या.

"अजी, पोरीची शपथ घेतली होती ना तुम्ही?"

"तू बायको हायेस का पोलीस?"

"मलाच कुठे कळून राह्यलंय आता," मी म्हटलं. मला भांडायचं होतं. गेले कित्येक दिवस मनात वाक्यं तयार होती. पण मी त्यांच्या बाजूला ओट्यावर बसले. "मी थकली. मले आता तुमचे खिसे पाहणं होत नाही."

समोरून राइस मिलचा कोंडा वाऱ्यावर उडत होता. एक म्हातारा सायकलवर तणसाचा भारा घेऊन गेला. तिकडे बघत ते म्हणाले, "मलेही नाही होऊन राह्यलं. जिंदगीभर म्हटलं ना, का सकाळी उठलो का जिंदगीच दिसते समोर. इतकी मोठी. मंग वाटते, आपल्याच्यानं नाही होत, तं खाऊनच टाकू."

माझा नवरा फार बोलणारा माणूस नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण स्वतःला काय होतंय हे त्यांनी इतक्या शब्दांत पहिल्यांदाच सांगितलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. त्यांनाही खोटं बोलण्याचा शीण आला होता.

दोन दिवसांनी आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्या रागावल्या नाहीत. पुन्हा बोटं मोजली आणि विचारलं, "तो, दोपहर के खाने तक?" यांनी मान हलवली. मग त्या माझ्याकडे वळल्या. "और आप क्या करेंगी, भाभीजी?"

मला ते लागलं. मी काय करणार? सगळं मीच तर करत होते. मी तसं बोललेही, रोज खिसे तपासते तेही सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "आप जेब मत देखिए. बस इतना."

सांगायला सोपं होतं. पण मला आजही वाटतं, दोघांत माझं जास्त कठीण होतं. त्यांना निदान दुपारनंतर सूट होती. पहिल्या आठवड्यात धुण्याला बसले की माझा हात आपोआप त्यांच्या शर्टाच्या खिशाकडे जायचा. मी तो मागे घ्यायची. एकदा बादलीत भिजवलेल्या कपड्यांमधून एक पन्नी तरंगत वर आली. मी ती उचलून कचऱ्यात टाकली आणि कपडे घासत राहिले. संध्याकाळी ते आले, मी चहा ठेवला. 

त्यांच्या सकाळी मात्र बदलल्या. उठून काड्या दातांत धरून ते ओट्यावर उन्हात बसायचे. काड्या असताना नीट बोलता यायचं नाही. शेजारी विचारायचे, "भाऊ, का करून राह्यले?" हे नुसतं "आँ, आँ" करायचे. एखादी काडी वाढली की मला खुणेने बोलावून दाखवायचे. दुपारी साडेबाराच्या सुमारास दुकानातून हाका यायच्या, "जेवण झालं का व?" आधी कधी वेळेवर न जेवणारा माणूस आता घड्याळ बघून जेवायला बसत होता, कारण जेवणानंतर खर्रा होता. मला ते बघून वाईट वाटायचं आणि हसूही यायचं. पुढे कधीतरी जेवण एक वाजता व्हायला लागलं, मग दीडला. खर्रा चारच्या चहापर्यंत सरकला. कुणी तसं ठरवलं नव्हतं. काम हातात होतं, उठायचं राहून गेलं.

यांना खर्ऱ्यापेक्षा ठेल्याची आठवण जास्त यायची, हे मला फार उशिरा कळलं. कुडव्यात पुरुषमाणूस संध्याकाळी जाईल कुठे? छगनभाऊंचा बाक हीच त्यांची जागा, तिथेच सगळ्या गोष्टी व्हायच्या. तिथे बसणं टाळून ते घरात टीव्हीसमोर एकटे बसू लागले. शेवटी छगनभाऊच घरी आले. दारातच उभे राहिले, आत येईनात. "वहिनी, भाऊ रागावले का माह्यावर? नका खाऊ म्हणा खर्रा, पण बसायले तं येऊन राहा." तेव्हापासून हे पुन्हा जायला लागले. छगनभाऊंच्या बायकोने त्यांच्यासाठी भाजलेल्या जवसाचा डबा ठेल्यावर ठेवला. ज्याच्या हातचा खर्रा खाऊन तोंड आखडलं, त्याच्याच बाकावर बसून हे जवस चघळायचे. मला ते आधी पटलं नव्हतं. पण खिसे नाही बघायचे म्हणजे ठेलाही नाही बघायचा, असा मी अर्थ लावला आणि गप्प राहिले.

सगळं सरळ गेलं असं नाही. फाल्गुनात देवरीला माझ्या भाच्याचं लग्न होतं. तिथे दोन दिवस हे खर्रा खात होते, सकाळपासून. मांडवात सगळेच खात होते. परत आल्यावर बॅग खाली ठेवायच्या आधीच ते म्हणाले, "खाल्ला मी. खूप खाल्ला." मी विचारलं नव्हतं. माझ्या ओठांवर बरंच काही आलं होतं. मी म्हटलं, "भाजी गरम करू का?" दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर ओट्यावर काड्या दातांत धरून बसलेले. एक काडी कमी करावी लागली होती. जिंदगीभरची शपथ असती, तर त्या लग्नात ती मोडलीच असती, आणि मोडलेली शपथ कुणी पुन्हा उचलत नाही. दुपारच्या जेवणापर्यंतचं मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करता येत होतं. त्यात मोठेपण काही नव्हतं. रोज भांडी घासावी तसं ते होतं.

आणि भांड्यांसारखाच त्याचा शीणही होता, हे कुणी सांगत नाही. मोठा संकल्प करताना अंगात येतं, चार लोक पाठ थोपटतात. लहान संकल्प पाळताना काहीच होत नाही. आज खर्रा खाल्ला नाही, याचं कुणी अभिनंदन करत नाही, कारण जे झालंच नाही ते दिसतच नाही. मी खिसा पाहिला नाही, याची तर कुणाला खबरही नव्हती. शाळेतून थकून यायचं, चप्पल काढायची, वास न घेता आत जायचं. पुन्हा उद्या तेच. कितीतरी संध्याकाळी मला वाटलं की याच्यापेक्षा जोरात भांडण बरं, निदान मोकळं तरी वाटेल. भांडले नाही, ते चांगुलपणामुळे नाही. अंगात त्राण नव्हतं म्हणून. पण झालं ते बरंच झालं.

खर्रा नेमका कधी सुटला, मला माहीत नाही. त्यांनाही सांगता येत नाही. त्या वर्षीचे धान कापायला आले तेव्हा माझ्या लक्षात आलं की बऱ्याच दिवसांत धुण्यात पन्नी तरंगली नाही. मी त्यांना तसं म्हणाले नाही. म्हटलं तर पुन्हा मोजणी सुरू झाली असती. आता काही वर्षं झाली. सुटला असं आम्ही अजूनही मोठ्याने म्हणत नाही. तिखट त्यांना चालत नाही ते नाहीच. सासूबाई त्यांच्यासाठी वांग्याची भाजी वेगळी काढून ठेवतात, फिकी, आणि तेव्हा स्वतःशी पुटपुटतात. डॉक्टर म्हणाल्या होत्या त्याप्रमाणे आखडलेलं सगळं काही मोकळं झालं नाही.

गेल्या रविवारी यांनी पहाटेपासून दोन मोटारी भरल्या. मी सकाळभर उत्तरपत्रिका तपासल्या. दुपारी दोघंही इतके दमलो होतो की खरकटी ताटं तशीच ठेवून मागच्या अंगणात चटई टाकून उन्हात बसलो. ऊन पाठीला लागत होतं. कुणाच्या तरी शेतातून थ्रेशरचा एकसुरी आवाज येत होता. बोलायला काही नव्हतं, आणि दोघांनाही ते बरं वाटत होतं. तेवढ्यात त्यांनी मान मागे टाकली, डोळे मिटले आणि जांभई दिली.

मी बघतच राहिले. कितीतरी वर्षांत त्यांची जांभई मी पाहिली नव्हती. आली की ते ओठ दाबून नाकातून सोडायचे, जबडा धरायचे, चेहरा वाकडा व्हायचा. ही तशी नव्हती. चारचौघांइतकी मोठीही नव्हती, अर्ध्यावर कुठेतरी अडली. पण तोंड उघडलं होतं, आतले दात दिसले होते, आणि शेवटी "हाऽऽ" असा दमलेल्या माणसाचा आवाजही आला होता.

"का पाहून राह्यली?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," म्हणायला मी तोंड उघडलं, आणि मलाही जांभई आली.